अकरा वाजेपर्यंत

डोमाजी निखाडे आदिलाबादकडच्या बेल्लमपल्लीत एका कोळसा खाणीत माणसं खाली उतरवायचे आणि वर काढायचे. ही गोष्ट घडली तेव्हा त्यांना या कामावर एकवीस वर्षं झाली होती. खाण उभी होती, चारशे फूट खोल. तेलुगू कामगार तिला 'बायी' म्हणत, म्हणजे विहीर. त्या विहिरीत पोलादी दोरावर दोन पिंजरे चालत; एक उतरला की दुसरा चढे. एका पिंजऱ्यात सोळा माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहत. विहिरीपासून शंभरेक पावलांवर इंजिनाची उंच खोली होती, आणि तिथे दोन लिव्हरांच्या मधे डोमाजी बसलेले असत. त्यांना ना पिंजरा दिसे, ना आतली माणसं. घंटेचे टोले ऐकायचे, समोरच्या तबकडीवरचा काटा बघायचा, दोरावर चुन्यानं केलेली पांढरी खूण आली की ब्रेक घ्यायचा. पिंजरा असा अलगद टेकला पाहिजे, की आतल्या माणसाच्या डब्यातली आमटी हिंदकळू नये.

"आज इंजिनावर डोमाजीच हाय ना?" असं विचारूनच पिंजऱ्यात पाय ठेवणारी जुनी माणसं होती.

गाव त्यांचं पैनगंगेच्या काठचं. घरी कापूस आणि ज्वारी, चार भाऊ, त्यात डोमाजी तिसरे. सहासष्ट साली ते बेल्लमपल्लीला आले आणि दोराला वंगण लावायच्या कामावर लागले. म्हाताऱ्या वाइंडरजवळ, म्हणजे पिंजऱ्यांचं इंजिन चालवणाऱ्याजवळ, बसून बसून इंजिन शिकले, आणि सहावीपर्यंत शिकलेल्या या माणसानं परीक्षा देऊन वाइंडरचं सर्टिफिकेट काढलं. बोलणं कमी. कामावर तंबाखूसुद्धा नाही. "चोळाचोळीत हात गुतते," म्हणायचे.

ब्याण्णवच्या दिवाळीनंतर त्यांना रक्त पडायला लागलं. संडासच्या वेळी. पहिल्यांदा थोडं, मग आठवड्यातून दोनतीनदा. दुखत काही नव्हतं. डोमाजींनी ठरवून टाकलं की मूळव्याध आहे. बाजारात पालावर बसणाऱ्या वैदूकडून पुड्या आणल्या, तिखट सोडलं, आणि कोणाला म्हणून सांगितलं नाही. सांगणार तरी काय आणि कोणाला? ताप आला, हात मोडला, तर माणूस चारचौघांत सांगू शकतो. हे दुखणं सांगायला तोंड कुठून आणायचं?

कळलं ते बायकोला, गयाबाईला. कपडे धुताना तिनं पायजम्यावरचा डाग पाहिला. त्या दिवशी तिनं तो दगडावर घासून काढला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा दिसला तेव्हा ताट वाढून समोर बसली.

"कवापासून हाय जी हे?"

"काय?"

"मी धुणं धुतो तुमचं. मले नोका शिकवू."

डोमाजी भाकरी मोडत राहिले. "मूळव्याध हाय. जाईन आपोआप."

"कोन्या डाक्टरनं सांगतलं?"

डॉक्टरनं कुठलं सांगितलं होतं! गयाबाईनं मग त्यांना विचारलंच नाही. तिचा भाऊ यशवंतराव नागपूरला छापखान्यात होता. पोरीकडून त्याला पत्र लिहून घेतलं, ते लिहून घेतानाही 'पोटाचा त्रास' एवढंच सांगितलं, आणि खरी गोष्ट पुढच्या रविवारी बेल्लमपल्लीच्या पोस्टातून फोन लावून स्वतः सांगितली. यशवंतराव शहाणा माणूस. त्यानं डॉक्टर शोधला, दिवस ठरवला, आणि उलट निरोप धाडला की भावजींनी मंगळवारी उपाशीपोटी यायचं आहे, आतून दुर्बीण टाकून बघणार आहेत.

"आतून म्हंजे कुठून?" डोमाजींनी विचारलं.

गयाबाईनं सांगितलं. डोमाजी उठून अंगणात गेले आणि वालाच्या वेलांना पाणी घालायला लागले. पण गेले. त्यांना स्वतःलाही आतून भीती वाटायला लागली होती, हे त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी कबूल केलं.

रजा घेतली दोन दिवसांची, सोमवार आणि मंगळवार. कारण सांगितलं, पोरीची सोयरीक पाहायला नागपूरला जातो. खाणीच्या तोंडाशी घंटा देणारा मारोतराव हा त्यांचा वीस वर्षांचा सोबती. त्यालाही हेच सांगितलं. तो बिचारा खूश झाला. "पोरगा काय करते?" म्हणाला. "पाहू," डोमाजी बोलले.

नागपुरात सोमवारचा दिवस यशवंतरावाच्या घरी डाळीच्या पाण्यावर आणि काळ्या चहावर गेला. संध्याकाळी दवाखान्यातून आणलेली पावडर दोन लिटर पाण्यात कालवली. खारट, तुरट, गिळवत नाही असं ते पाणी. पहिला लोटा डोमाजींनी एका दमात संपवला, दुसऱ्याला थांबले, तिसऱ्याला म्हणाले, "खाणीतलं पानी बरं याच्यापेक्षा." त्यानंतर जे सुरू झालं ते सांगण्यासारखं नाही. यशवंतरावाच्या घरच्यांनी दिवाणखान्यातच अंथरुणं घातली, आणि मागच्या बाजूला कोणी फिरकलं नाही. माणसाची लाज राखायची ही पण एक रीत असते.

मंगळवारी सकाळी दवाखान्यात डॉक्टर तरुण निघाला, चाळिशीच्या आतला. त्यानं डोमाजींना कुशीवर निजवलं, हातात झोपेची सुई टोचली आणि गप्पा मारायला लागला. "आदिलाबादकडचे का? मग तुमच्याकडे कापूस चांगला असेल." डोमाजी सांगायला लागले की यंदा बोंडअळी पडली, आणि त्या वाक्याचा शेवट त्यांना आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते आणि गयाबाई पायाशी उभी होती.

"झालं?" ते म्हणाले.

"झालं."

"मले तं काईच समजलं नाही."

डॉक्टरनं दोघांना समोर बसवलं. आतड्यात एक गाठ होती, बोराएवढी, देठावर लटकलेली. दुर्बिणीतूनच तारेनं कापून काढली आहे. तपासणीला पाठवतो, आठ दिवसांत कळेल. "मला त्यात काही वाईट दिसत नाही," डॉक्टर म्हणाला, "पण काढली ते बरं झालं. ठेवली असती तर पाचदहा वर्षांनी तिनं त्रास दिला असता." मग एक कागद हातात दिला. त्यावर इंग्रजीत छापलेलं होतं, ते त्यानं मराठीतून वाचून दाखवलं. आठ दिवस जड उचलायचं नाही. रक्त जास्त पडलं तर लगेच यायचं. "आणि सुईचं औषध चोवीस तास अंगात राहतं. उद्या अकरापर्यंत गाडी चालवायची नाही, मशिनीला हात लावायचा नाही. तुम्हाला वाटेल आपण ठणठणीत आहोत. तरी नाही."

डोमाजींनी मान डोलावली. कागद खिशात घातला. डॉक्टरनं धंदा विचारला नाही, डोमाजींनी सांगितला नाही.

दुपारच्या गाडीनं निघून दिवेलागणीला दोघं घरी पोचली. डोमाजींनी मुगाची खिचडी खाल्ली, दोनदा मागून घेतली. डोकं हलकं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळी झोप लागली.

सकाळी पहिल्या पाळीसाठी ते साडेसहाला निघाले तेव्हा गयाबाई दारात आडवी आली. "अकरा वाजेपर्यंत नाही म्हनलं ना डाक्टरनं?"

"ते नाजूक मान्सासाठी असते, अवो. मले काय झालं? पाहा, हात थरथरते का?" त्यांनी दोन्ही हात पुढे केले. हात खरंच स्थिर होते.

"अन् एक दिस गेले नाही तं?"

"रजा दोनच दिसांची हाय. वाढवाची तं कारन द्या लागते."

खरी अडचण तीच होती. गयाबाई बाजूला झाली, पण डबा देताना तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

जानेवारीची थंडी होती. खाणीवर पहिल्या पाळीची दोनशेवर माणसं दिवे कमरेला लावून उन्हाच्या तुकड्यांत उभी होती. रात्रपाळीच्या वाइंडरनं आपली माणसं वर काढली, वहीत सही केली आणि तो निघून गेला. त्याचे आठ तास भरले होते. नियम असा, की पाळी सुरू होताना पहिली फेरी रिकाम्या पिंजऱ्यांची करायची. सगळं नीट आहे ना ते बघायचं, मग माणसं घ्यायची.

डोमाजी बसले. टोले पडले. त्यांनी लिव्हर ओढला, ड्रम फिरायला लागला, दोर त्यांच्या डोळ्यांसमोरून धावायला लागला. सगळं रोजचं. काटा तबकडीवर सरकत शेवटच्या रेघेकडे आला, पांढरी खूण दिसली.

खूण दिसली आणि ब्रेक लागला, या दोहोंच्या मधे काहीतरी होतं. एक बोटभर वेळ. खूण त्यांनी पाहिली होती, हाताला हुकूम दिला होता, पण हात जरासा मागून निघाला. वर येणारा पिंजरा आपल्या जागेवरून वीतभर वर जाऊन थांबला.

वीतभर म्हणजे काही नाही. दोन टोले देऊन तो खाली घेता येतो, नवे वाइंडर रोज घेतात. पण एकवीस वर्षांत डोमाजींचा पिंजरा वीतभर चुकला नव्हता. ते हाताकडे बघत राहिले. वर येणारा वीतभर वर गेला, म्हणजे खाली जाणाराही तेवढाच खाली गेला. त्यात सोळा माणसं असती तर गुडघ्यांना हिसका बसला असता, एवढंच. आणि दुसऱ्या खेपेला वीतभर नसून हातभर असता तर?

त्यांनी पिंजरा जागेवर आणला, ब्रेकला खीळ घातली आणि खुर्चीवरून उठले.

मारोतराव खालून धावत जिना चढून आला. "काय झालं गा? दोर-गिर सरकला का?"

"दोर बरोबर हाय. मीच बरोबर नाही."

"म्हंजे?"

"मी मान्सं उतरवत नाही आज. अकरा वाजेपर्यंत नाही."

मारोतरावाला वाटलं थट्टा आहे. मग त्यानं चेहरा पाहिला. "अकरा काऊन? मुहूर्त हाय का काई?"

खाली माणसं आवाज द्यायला लागली होती. पाच मिनिटांत इंजिनिअरसाहेब आले, तेलुगू माणूस, स्वभावानं वाईट नव्हते पण वेळेचे पक्के. मागून पाचसहा कामगारही जिन्यावर येऊन उभे राहिले.

"एमैंदी, डोमाजी? दो सौ आदमी खडा है नीचे."

"साब, मै नही चलाता. ग्यारा बजे तक."

"क्यों? पीके आया क्या?"

डोमाजी दारूला शिवत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. पण उत्तर नाही दिलं तर वहीत तेच लिहिलं जाणार होतं, तेही माहीत होतं. डोमाजींनी जिन्यावरच्या तोंडांकडे पाहिलं, मारोतरावाकडे पाहिलं, आणि खिशातून तो कागद काढला.

"दवाखान्यात गेल्तो साब. नागपूरले. रगत पडत होतं मले, तीन महिन्यांपासून." हिंदी कुठल्या कुठे गेली, ते सरळ आपल्या बोलीत बोलत राहिले. "संडासच्या वाटंनं. दुर्बीण टाकली, गाठ काढली. त्याची सुई दिली हाय, ते चोवीस घंटे अंगात राह्यते म्हनला डाक्टर. मले वाटलं आपल्याले काई होत नाही. पन आत्ता पिंजरा चुकला. रिकामा होता म्हनून बरं."

साहेबांना मराठी कळत होतं. त्यांनी कागद घेतला, उजेडाला धरून वाचला, पुन्हा वाचला.

"ये पहले क्यों नही बताया?"

"शरम आली साब."

जिन्यावरून कोणीतरी म्हणालं, "म्हंजे सोयरीक दुर्बिणीसंगंच जमली म्हना!" आणि सगळे हसले. मारोतरावही हसला. डोमाजींच्या कानशिलांवर रक्त चढलं. पण मग त्यांच्या लक्षात आलं की हसून झालं तरी कोणी निघून गेलं नाही, आणि कोणाच्या तोंडावर घाण बघितल्यासारखा भाव नव्हता. मग तेही थोडं हसले.

साहेबांनी कागदाची घडी करून परत दिली. तेवढ्यानं भागणार नव्हतं, माणसं खाली जायचीच होती. बदलीचा वाइंडर पांडुरंगराव, त्याची त्या दिवशी सुट्टी. साहेबांनी जीप पाठवली. तो न्हाणीघरातून उठून ओल्या केसांनी आला तेव्हा साडेआठ होत आले होते. तोवर दोनशे माणसं उन्हात बसून राहिली. काहींनी डबे तिथेच उघडले. दीड तास खोळंबा झाला, त्याची नोंद झाली, वर कळवलं गेलं. साहेबांनी कारणाच्या जागी काय लिहिलं ते डोमाजींना बरेच दिवस ठाऊक नव्हतं. नंतर कारकुनानं सांगितलं: 'वाइंडरनं स्वतः कळवलं, प्रकृती काम करण्याजोगी नाही.' बस्स, इतकंच.

डोमाजी घरी गेले नाहीत. इंजिनखोलीच्या बाहेर बाकावर बसून राहिले. बरोबर अकराला उठून पांडुरंगरावाजवळ गेले, तर तो म्हणाला, "बसा ना आनखी थोडे." मग बारा वाजता साहेबांच्या देखत तीन रिकाम्या फेऱ्या केल्या. तिन्ही वेळेला पिंजरा जिथं थांबायचा तिथंच थांबला. तीन वाजता पहिली पाळी वर आली ती डोमाजींच्या हातानं.

पुढे काही दिवस खाणीवर थट्टा चालली. डोमाजी कामावर आले की कोणी विचारी, "अकरा वाजले का?" डोमाजी कधी हसत, कधी हसत नसत. आठव्या दिवशी यशवंतरावाचा फोन पोस्टात आला. गाठ साधी होती, वाईट नव्हती. तीन वर्षांनी पुन्हा दाखवायचं. गयाबाईनं देवापुढे नारळ फोडला आणि अर्धा शेजारी देऊन आली. आता लपवायला उरलंच काय होतं?

त्यानंतरच्या रविवारी एक माणूस डोमाजींच्या क्वार्टरवर आला. अमृतराव, खाणीच्या आत छताला लाकडी टेकू लावायच्या कामावरचा, पंचेचाळिशीचा, दणकट गडी. शिडी मागायला आलो म्हणाला. डोमाजींकडे शिडी नव्हती. तरी तो बसला. चहा प्याला. पावसापाण्याचं बोलला. गयाबाई आत गेली तसा खाली मान घालून म्हणाला, "मले बी पडते."

"कवापासून?"

"दोन सालं झाले असतीन. वजन बी उतरून राह्यलं. मी कोनाले सांगतलं नाही, घरी बी नाही. तुमी त्या दिवशी साबापुढं बोलले, तवा मी जिन्यावरच होतो."

"बुधवारी जाऊ," डोमाजी म्हणाले. आणि खरंच स्वतः रजा काढून त्याच्यासोबत नागपूरला गेले. ते खारट पाणी त्याच्यासमोर लोट्या-लोट्यानं मोजून पाजलं. "नाक दाबा अन् घ्या, मी नाक न दाबता घेतलं ते चुकलं माह्यं."

अमृतरावाचं दुखणं साधं नव्हतं. कर्करोग निघाला, पण आतड्याच्या भिंतीबाहेर गेलेला नव्हता. मोठं ऑपरेशन झालं, हातभर आतडं काढावं लागलं. बायको राहीबाई महिनाभर नागपूरला दवाखान्याच्या ओट्यावर राहिली. यशवंतरावाच्या घरून तिला डबा जायचा. सहा महिन्यांनी अमृतराव खाणीवर परत आला तेव्हा अर्धा झाला होता. खालचं जड काम आता होणार नव्हतं. त्याला वरच, दिव्यांच्या खोलीत काम मिळालं. खाली जाणाऱ्या प्रत्येकाला आपल्या नंबरचा दिवा द्यायचा, वर आला की मोजून परत घ्यायचा. सुरुवातीला त्याला ते बायकी काम वाटे. मग सवय झाली.

शहाण्णव साली डोमाजींची तीन वर्षं भरली. या वेळी त्यांनी चार दिवसांची रजा मागितली आणि अर्जात स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'आतड्याची दुर्बिणीने तपासणी व नंतर विश्रांती.' कारकून म्हणाला, "नुसतं तब्येत लिहा ना, डोमाजी, चालते." डोमाजी म्हणाले, "चालते, पन हे राहू द्या."

तपासणीत काही निघालं नाही. दुसरे दोन दिवस ती दोघं यशवंतरावाकडेच राहिली. गयाबाईला कित्येक वर्षांत माहेरच्या माणसांत निवांत राहायला मिळालं नव्हतं. डोमाजी मेव्हण्याबरोबर त्याच्या छापखान्यात जाऊन बसले आणि यंत्रातून कागद कसा निघतो ते दिवसभर बघत राहिले. पहिल्याच सकाळी यशवंतरावानं म्हटलं, "चालवून पाहता का भावजी?" त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हात मागे घेतले.

शुक्रवारी ते कामावर आले. दिव्यांच्या खोलीच्या खिडकीशी रांग होती आणि आतून अमृतराव एकेका माणसाला नावानं हाक मारून दिवा देत होता. डोमाजी वाइंडर, त्यांना दिवा लागत नसे. तरी ते खिडकीशी क्षणभर थांबले.

"काय म्हनते दुर्बीण?" अमृतरावानं रांगेदेखत मोठ्यानं विचारलं.

"साफ हाय," डोमाजी तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, आणि इंजिनखोलीचा जिना चढायला लागले.